२०१९ चे खेळ आणि वहीतला शेवटचा रकाना

आमच्या घरी फ्रिजवर एक दोनशे पानी वही असते. पटावरचा किंवा पत्त्यांचा कुठलाही खेळ संपला की त्यात तारीख, खेळाचं नाव, कोण कोण बसलं आणि कुणाचे किती गुण झाले हे लिहायचं. शेवटच्या रकान्याचं नाव ‘पुन्हा?’ असं आहे. तो ज्यानं त्यानं आपल्या हातानं भरायचा, ‘हो’ किंवा ‘नको’. ही पद्धत माझ्या सासूबाईंनी घालून दिली. त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, हजेरीपटावर त्यांचा फार विश्वास.

डिसेंबर आला की पट मांडून खेळणारी मंडळी त्या वर्षीच्या नव्या खेळांमधले आपले आवडते निवडतात. २०१९ संपताना मलाही तसं काही लिहायचं होतं, पण तेव्हा माझ्याकडे त्या वर्षीचे दोनच खेळ होते. जर्मनीत एसेन गावी ऑक्टोबरात या खेळांची मोठी जत्रा भरते. तिथे आलेला खोका साताऱ्यात आमच्या दारात पोचेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. शिवाय नव्या खेळाचं पहिल्या महिन्यातलं मत मला खरं वाटत नाही. तेव्हा आपण खोक्याच्या, सोंगट्यांच्या, चित्रांच्या प्रेमात असतो. म्हणून २०१९ ची निवड मी आता करते आहे, वही समोर घेऊन. लेक तेव्हा तिसरीत होती, आता नववीत आहे. एवढ्या काळात जे खेळ माळ्यावर गेले नाहीत, तेच माझे त्या वर्षीचे आवडते.

यादीत २०१९ साली पहिल्यांदा आलेलाच खेळ घेतला आहे. ‘जस्ट वन’ला त्या वर्षीचं ‘श्पील देस यारेस’ हे जर्मनीतलं मानाचं पारितोषिक मिळालं आणि आमच्याकडे तो दिवाळीत हमखास निघतो, पण तो बाजारात आला २०१८ मध्ये. त्यामुळे तो इथे नाही. ‘पॅक्स पामिर’ मात्र घेतला आहे. त्याची पहिली आवृत्ती २०१५ ची, पण २०१९ ची दुसरी आवृत्ती इतकी नव्यानं घडवलेली आहे की मी ती वेगळा खेळ धरते.

पहिला क्रमांक ‘द क्रू : द क्वेस्ट फॉर प्लॅनेट नाईन’ला. थोमास झिंग यांचा खेळ, कोसमोस या जर्मन कंपनीनं काढलेला. जाणत्या खेळाडूंसाठीचं ‘केनरश्पील देस यारेस’ पारितोषिक त्याला २०२० मध्ये मिळालं. खोका तळहाताएवढा. आत चार रंगांची १ ते ९ अशी छत्तीस पानं आणि चार रॉकेटं, म्हणजे चाळीस पानं. जोडीला छोटी कामगिरीची पानं आणि पन्नास मोहिमांची एक पुस्तिका. हे वाचून कुणाला काही विशेष वाटणार नाही. पण ज्या घरात पत्त्यांवर मेंढीकोट, पाच-तीन-दोन आणि तीनशे चार खेळले गेलेत, त्या घराला एक वाक्य सांगितलं तरी पुरे: यात सगळे एकमेकांचे भिडू आहेत.

हात तसेच करायचे. ज्या रंगाची उतारी, म्हणजे हाताचं पहिलं पान, तो रंग असेल तर तोच टाकायचा. नसेल तर हवं ते पान टाका किंवा रॉकेटनं कापा, रॉकेट हाच कायमचा हुकूम. फरक एवढाच की कुणीही कुणाविरुद्ध नाही. कामगिरीचं पान ज्यानं उचललं, त्यानंच त्यावर दाखवलेलं पान ज्या हातात पडेल तो हात ओढला पाहिजे. मी हिरव्या तिर्रीची कामगिरी घेतली आणि तिर्री असलेला हात चुकून तुम्ही ओढलात, की मोहीम तिथेच फसली. आणि बोलायचं नाही. प्रत्येकाला पूर्ण मोहिमेत एकदाच, आपलं एक पान समोर उघडं ठेवून त्यावर एक चकती ठेवता येते. चकती वरच्या टोकाला ठेवली तर ‘या रंगातलं माझं हे सर्वांत मोठं’, खालच्या टोकाला ठेवली तर ‘सर्वांत लहान’, मध्ये ठेवली तर ‘या रंगाचं माझ्याकडे एवढंच’. बस.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, मी हा खेळ २०२० च्या टाळेबंदीत शिकवला. खरं तर शिकवावं लागलं नाही. नियम ऐकून त्या म्हणाल्या, “म्हणजे मेंढीकोटात आपण जे डोळ्यांनी चोरून करतो, ते इथे कायद्यानं एकदाच करायचं.” याहून नेमकी ओळख मी आजवर कुठे वाचलेली नाही.

एक डाव वहीत मी समासात लिहून ठेवला आहे. लेकीकडे गुलाबी छक्कीची कामगिरी. तिनं चकती लावून दाखवलं की गुलाबीतलं तिचं सर्वांत मोठं पान अठ्ठी. छक्की आईंच्या हातात. वरवर पाहता आईंनी छक्की उतरायची आणि लेकीनं अठ्ठीनं ओढायची, काम झालं. पण गुलाबी नव्वी माझ्याकडे होती आणि त्या रंगाचं तेवढंच एक पान होतं. आईंनी छक्की उतरली की मला नव्वी टाकावीच लागणार आणि हात माझ्याकडे येणार. मी नव्वीवर मधोमध चकती ठेवली. आईंनी चष्मा सारखा केला, माझ्याकडे पाहिलं आणि गुलाबी तिर्री उतरली. माझी नव्वी त्यावर निघाली. लेकीनं अठ्ठी राखून दुर्री टाकली. हात माझा, उतारी माझी. आता आईंना हात द्यायचा होता. मी हिरवी पंजी उतरले, त्यांच्याकडे हिरवी नव्वी होतीच. मग त्यांनी शांतपणे छक्की खाली ठेवली आणि नऊ वर्षांच्या लेकीनं अठ्ठी आपटली. तीन पिढ्यांनी एक शब्द न बोलता केलेला तो हात आठवला की मला आजही आनंद होतो.

पाचवी मोहीमही अशीच. चार नंबरचं रॉकेट ज्याच्या हाती तो कप्तान. त्यानं प्रत्येकाला तब्येत विचारायची, उत्तर फक्त ‘बरी’ किंवा ‘बरी नाही’. मग एकाला आजारी ठरवायचं, आणि आजाऱ्यानं एकही हात ओढायचा नाही. चौघांत दहा हात होतात. आईंच्या हातात सगळी बारीक पानं आणि एक पिवळी नव्वी. ती नव्वी त्यांनी सात हात सांभाळली. निळा रंग संपल्यावर निळ्या उतारीवर ती टाकून दिली आणि पदरानं तोंड पुसलं.

उणिवा आहेत. दोघांत खेळायचा प्रकार दिला आहे, पण त्यात जीव नाही. पाचजणांत वाट्याला आठच पानं येतात आणि हाताची बांधणी करायला जागा उरत नाही. चौघेच हवेत, तिघेही चालतील. नवव्या ग्रहाच्या शोधाची गोष्ट पुस्तिकेत मोहिमेगणिक पुढे सरकते, ती आम्ही तिसऱ्या मोहिमेनंतर वाचणं सोडलं. आणि ज्यांनी पत्त्यांत कधी हात केलेले नाहीत, त्यांना आधी साधा मेंढीकोट शिकवा. नाहीतर दोन मोहिमांत ते उठून जातात. माझी जाऊ तशीच उठली होती. चार दिवस पाच-तीन-दोन खेळून ती परत आली, आणि आता तिच्या रकान्यात ‘हो’ असतं.

दुसरा क्रमांक मी ‘बराज’ला देते, आणि याबद्दल घरात मतभेद आहेत. तोमासो बात्तिस्ता आणि सिमोने लुचियानी या इटालियन जोडीचा हा खेळ धरणं आणि वीज यांवर आहे. पटावर वर डोंगर, मध्ये टेकड्या, खाली मैदान. वरून पाण्याचे थेंब सुटतात आणि नदीच्या वाटेनं खाली येतात. वाटेत कुणाचं धरण असेल तर अडतात, नसेल तर पुढे वाहून जातात. वीज काढायला तीन गोष्टी लागतात: धरण, तिथून पाणी नेणारा बोगदा आणि वीजघर. वीजघर आपलंच हवं. बोगदा दुसऱ्याचा वापरला तर त्याला मोबदला द्यायचा. जितके थेंब आणि जितक्या ताकदीचा बोगदा, तितकी वीज.

माझे धाकटे दीर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं कोयनेच्या परिसरात गेली. पट मांडून बोगद्याचा नियम सांगितला तेव्हा ते उठून उभे राहिले. “वहिनी, हे आमचंच आहे. कोयनेचं पाणी नदीच्या वाटेनं वीजघराला जातच नाही. ते डोंगरातून पश्चिमेला पोफळीला उतरवलं आहे.” मग अर्धा तास खेळ बाजूला राहिला. १०५ टीएमसीचा जलाशय, सह्याद्रीच्या पोटातले बोगदे, वीज करून सोडलेलं अवजल वाशिष्ठीतून चिपळूणकडे कसं जातं, सगळं त्यांनी तांदळाच्या डब्याच्या झाकणावर बोटानं काढून दाखवलं. लेकीनं कोयनेबद्दल जे ऐकलं ते त्या दिवशी, या खेळामुळे.

अवजल हा शब्द लक्षात ठेवा, कारण खेळाचं मर्म त्यातच आहे. वीज काढल्यावर पाणी संपत नाही, ते वीजघराच्या खाली सुटतं आणि पुढच्या धरणात पोचतं. पहिल्या डावात भाऊजींनी डोंगरात तीन थेंब साठवणारं उंच धरण बांधलं आणि टेकडीवरचं माझं धरण कोरडं पडलं. दोन फेऱ्या मी नुसती पाहत बसले. दुसऱ्या डावात मी त्यांच्या वीजघराच्या बरोबर खाली जाऊन बसले. त्यांनी वीज काढली की त्यांचं अवजल माझ्या धरणात. त्यांना वीज काढायची तर होतीच, आणि काढली की माझं भलं होत होतं. वरच्यानं अडवलं तर खालच्याचं काय, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथे तो लाकडी थेंबांच्या रूपात हातात येतो.

यंत्रांचीही गंमत आहे. खोदाई यंत्रं आणि काँक्रीटची यंत्रं बांधकामाला लावली की ती एका चाकावर अडकतात. चाक पूर्ण फिरून आलं की परत मिळतात. म्हणजे मोठं धरण हाती घेतलं की यंत्रं बराच काळ तिकडेच. भाऊजी म्हणाले, साइटवर असंच असतं.

मतभेद कशाबद्दल, तर हा खेळ माफ करत नाही. पाच फेऱ्यांपैकी पहिलीत चूक झाली तर शेवटपर्यंत भोगावी लागते. खोक्यावर दोन तासांपर्यंतचा वेळ दिला आहे. आमचा पहिला डाव चार तास चालला आणि आईंनी मधूनच उठून भात लावला. त्यांचा रकाना: ‘नको’. नवऱ्याचाही ‘नको’. भाऊजी, मी आणि आता मोठी झालेली लेक: ‘हो’. वर्षाला तीन-चार डावच होतात. पण डाव झाला की आठवडाभर आम्ही त्याच धरणांबद्दल बोलतो.

आता ‘विंगस्पॅन’. तो पहिला का नाही, असं मला सगळेच विचारतात. २०१९ चं केनरश्पील पारितोषिक याचंच. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा हा पहिला प्रकाशित खेळ. उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांची १७० पानं, एकही दुसऱ्यासारखं नाही. प्रत्येकावर पक्ष्याचं हातानं काढलेलं चित्र, पंखांचा विस्तार सेंटिमीटरमध्ये, घरट्याचा प्रकार, तो काय खातो ते, आणि खाली त्याच्याबद्दल एक खरी गोष्ट. दाणापाण्याचे फासे टाकायला पुठ्ठ्याचं पक्षी-खाणावळीसारखं घर, आणि पाच रंगांची गुळगुळीत अंडी. पाहुण्यांनी ती हातात घेतली नाहीत असं एकदाही झालेलं नाही.

खेळही तसाच सुबक. जंगल, माळ आणि पाणथळ असे तीन अधिवास. जंगलात दाणे मिळतात, माळावर अंडी, पाणथळीत नवी पानं. ज्या अधिवासात जास्त पक्षी बसवाल, तिथलं काम तितकं जास्त फळतं. उजवीकडून डावीकडे येताना बरेच पक्षी आपापलं काही देतात. चार फेऱ्या, आठ, सात, सहा आणि पाच खेळ्या. फेरीगणिक एक खेळी कमी होते, त्यामुळे मांडणी रंगात येते तेव्हाच हात आखडतो. हे गणित फार सुंदर आहे. प्रत्येक वेळी वाटतं, अजून दोन खेळ्या मिळाल्या असत्या तर.

पक्ष्यांचा स्वभाव नियमांत उतरवला आहे, आणि लेक या खेळात अडकली ती त्यामुळे. शिकारी पक्षी ढिगातलं वरचं पान उलटून पाहतात, त्यावरचा पक्षी पुरेसा लहान असेल तर त्यांची शिकार साधते. काऊबर्ड नावाचा पक्षी, आपल्या कोकिळेसारखा, दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालतो. त्याचं पानही तेच करतं. तिनं चौथीत असताना प्रत्येक पानाच्या प्लॅस्टिक पिशवीत मराठी नावाची चिठ्ठी घालायला घेतली. गव्हाणी घुबड मिळालं, बहिरी ससाणा मिळाला, उजनीला थंडीत दिसलेला थापट्या मिळाला. किलडिअरला आपल्याकडे नाव नाही, पण तो टिटवीच्या कुळातला, म्हणून चिठ्ठीवर ‘टिटवीची मावसबहीण’. चाळीसेक चिठ्ठ्या आजही आत आहेत. २०२२ मध्ये आशियातल्या पक्ष्यांचा संच आला, त्यात आपल्याकडचेही पक्षी आहेत. तो तिनं वाढदिवसाला मागून घेतला.

मग तिसरा का? कारण खेळताना आम्ही एकमेकांकडे बघतच नाही. प्रत्येकजण आपापल्या पाटावर मान घालून बसतो. दुसऱ्यानं काय केलं याचा माझ्यावर फार थोडा परिणाम होतो. पाचजणांत आपली पाळी येईपर्यंत चहा होऊन जातो. आणि शेवटच्या फेरीत बहुतेक वेळा अंडी घालत सुटणं हेच सर्वांत शहाणपणाचं ठरतं. चार फेऱ्यांची नाजूक बांधणी संपताना अशी एकसुरी व्हावी, हे मला सलतं. तरी वहीत याच्या नोंदी ‘क्रू’च्या खालोखाल आहेत, आणि नव्या माणसाला या छंदाची ओळख करून द्यायची असेल तर मी हाच खोका उघडते. दोघा-तिघांत, पावसाळी दुपारी, याच्याइतकं प्रसन्न काही नाही.

‘कार्टोग्राफर्स’नं आम्हाला टाळेबंदी काढून दिली, हे मी विसरू शकत नाही. जोर्डी अदान यांचा खेळ. प्रत्येकाला अकरा बाय अकरा चौकटींचा कागद. एक पान उलटायचं, त्यावर जो आकार आणि जो भूभाग असेल, जंगल, गाव, शेत किंवा पाणी, तो सगळ्यांनी आपापल्या नकाशात काढायचा. खोक्यावर लिहिलंय, एक ते शंभर खेळाडू. एप्रिल २०२० मध्ये माझा भाऊ डोंबिवलीत, नणंद नागपूरला, आम्ही साताऱ्यात. पानं मी उलटायची आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायची. बाकीच्यांनी आलेखवहीच्या कागदावर चौकट आखून घेतली होती, पाच डोंगर कुठे ते मी सांगितलं. रात्री नऊला जेवणं उरकून आठ-नऊजण नकाशे काढत बसायचे. भावाचं जंगल नेहमी कडेकडेनं, नणंदेची गावं पुण्याच्या पेठांसारखी दाटीवाटीची.

चार ऋतू असतात आणि चार गुणपत्रं, म्हणजे गुण कशाचे मिळतील ते सांगणारी पानं. वसंतात पहिलं-दुसरं मोजायचं, उन्हाळ्यात दुसरं-तिसरं, असं करत हिवाळ्यात चौथं आणि पुन्हा पहिलं. त्यामुळे आज दुर्लक्ष केलेली गोष्ट शेवटी दारात उभी राहते. फोनवर एकच गोष्ट जमत नव्हती. राक्षसाचं पान आलं की आपला कागद शेजाऱ्याकडे द्यायचा आणि त्यानं आपल्या नकाशात नेमका नको तिथे राक्षस काढायचा, त्याच्याभोवती जितक्या चौकटी रिकाम्या राहतील तितके गुण वजा. आम्ही ती पानं काढून ठेवली. २०२१ च्या दिवाळीत सगळे प्रत्यक्ष भेटलो, पानं परत घातली, आणि तेव्हा कळलं की खेळाचा कणा तोच होता. नणंदेनं भावाच्या लाडक्या जंगलाच्या मधोमध राक्षस काढला आणि दीड वर्षात पहिल्यांदा सगळे एका खोलीत मोठ्यानं हसले.

‘पॉइंट सॅलड’बद्दल थोडक्यात, कारण खेळच पंधरा मिनिटांचा आहे. १०८ पानं. एका बाजूला भाजी, दुसऱ्या बाजूला गुण मोजायचा नियम. आपल्या पाळीला दोन भाज्या उचला किंवा एक नियम. कांदे सर्वांत जास्त तर दहा गुण, टोमॅटो सम संख्येत असतील तर सात आणि विषम असतील तर तीन, असले नियम. भाज्या सहाच, पण सहाही आपल्या मंडईतल्या, त्यामुळे कुणाला काही समजवावं लागत नाही. लग्नघरात, रेल्वेत, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, सगळीकडे हा पुडका बरोबर गेला आहे. किमतीच्या मानानं त्या वर्षीची सर्वांत चांगली खरेदी हीच.

आणि ‘पॅक्स पामिर’. वहीत सहाच नोंदी, तरी यादीत आहे. कोल वेर्ली यांचा खेळ. एकोणिसाव्या शतकातला अफगाणिस्तान, दुराणी साम्राज्य मोडकळीला आलेलं, उत्तरेकडून रशियाची आणि दक्षिणेकडून इंग्रजांची नजर. तुम्ही मात्र रशियन किंवा इंग्रज नसता. तुम्ही एक अफगाण सरदार असता, आणि कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. बाजू कधीही बदलता येते, मागच्या निष्ठेतून मिळवलेलं तेवढं सोडावं लागतं. कापडाचा नकाशा, सहा प्रदेश, त्यात पंजाबही आहे. माणसांची, टोळ्यांची, किल्ल्यांची पानं आपल्या दरबारात लावायची आणि दुसऱ्याच्या दरबारात हेर घुसवायचे.

मराठी माणसाला या खेळात एक वेगळा दरवाजा उघडतो. हे जे मोडणारं साम्राज्य आहे, ते उभं करणारा अहमदशाह अब्दाली. पानिपत, १४ जानेवारी १७६१, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. त्याच्या घराण्याचं पुढे काय झालं हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. नातवांची भांडणं, त्यांतल्याच शाहशुजाचं लुधियान्यात इंग्रजांच्या आश्रयाला राहणं, हे सगळं मी हा खेळ आणल्यावर शोधून वाचलं. इतिहासावरचे खेळ पुष्कळ आहेत. इतिहासाकडे तिथल्या माणसाच्या जागेवरून बघायला लावणारे फार कमी. यात उद्याचा भिडू आज कोण आहे हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे सगळ्यांचे डोळे सतत एकमेकांवर. अवघड आहे, पहिले दोन डाव चाचपडण्यात जातात, आणि चौघे जाणते एकत्र येणं आमच्याकडे वर्षातून एकदा घडतं.

जे राहिले नाहीत, त्यांच्याबद्दल. ‘टायनी टाउन्स’ मला मनापासून आवडायचा, चार बाय चारच्या गावात एकजण माल पुकारतो आणि तोच सगळ्यांनी मांडायचा. पण चुकीचा माल आला की मांडणी तुंबते, आणि तुंबलेल्या गावाकडे बघत बसणं घरच्यांना नकोसं झालं. तो एका शाळेच्या वाचनालयाला दिला. ‘पार्क्स’ची चित्रं भिंतीवर लावावीत अशी, खेळताना मात्र पायवाट पुन्हा पुन्हा तीच वाटायला लागली. ‘ड्राफ्टोसॉरस’ भाचीला दिला, तिथे तो सुखात आहे: लाकडी डायनोसॉर मुठीत घ्यायचे, एक ठेवायचा, बाकी शेजाऱ्याला द्यायचे. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी त्या वर्षीचं याहून चांगलं मला दुसरं माहीत नाही.

घेणाऱ्यांसाठी एक अनुभवाची गोष्ट. माझा ‘बराज’ एका विक्रेत्याकडून आला तेव्हा खोक्याचा एक कोपरा दबलेला आणि पाण्याचे दोन थेंब कमी होते. पार्सल उघडतानाचं चित्रण माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे तक्रार टिकली नाही. दोन निळे मणी मी कासाराकडून आणले, तेच आजही वाहतात. तेव्हापासून प्रत्येक खोका फोन चालू ठेवून उघडते. आणि साताऱ्याच्या पावसात पानं वाकतात, पुठ्ठ्याला बुरशी धरते. जूनच्या आधी सगळी पानं प्लॅस्टिक पिशव्यांत आणि प्रत्येक खोक्यात ओलावा शोषणाऱ्या दोन पुड्या. आई त्यात वेखंडाचा तुकडाही ठेवतात. ‘विंगस्पॅन’ उघडला की म्हणून आधी वेखंडाचा वास येतो.

‘क्रू’च्या पन्नास मोहिमा आम्ही २०२२ च्या गणपतीत पूर्ण केल्या. त्याचा २०२१ चा भाऊ, समुद्रातल्या मोहिमांचा खेळ, तोही आता कपाटात आहे आणि काहींच्या मते तो अधिक चांगला आहे. पण आईंना जुनाच हवा असतो. त्या आता एकोणऐंशीच्या आहेत, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, गुलाबी आणि निळा दिव्याखाली धरून पाहतात. मोहिमा पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्यात, आणि या वेळी त्यांच्या आग्रहावरून चकती न वापरता. गेल्या शनिवारी एकोणिसावी तिसऱ्यांदा फसली. चूक माझी, हिरवी सत्ती एक हात आधी टाकली. आईंनी वही मागून घेतली, फसल्याची नोंद केली, शेवटचा रकाना तसाच मोकळा ठेवला आणि खालच्या ओळीवर पुढच्या शनिवारची तारीख लिहून टाकली.